‘पहिला वार आपणच करू’ म्हणणाऱ्यांना उत्तर

पहलगामनंतर आणि विशेषतः ऑपरेशन सिंदूरनंतर एक मजकूर मराठी ग्रुपांवर सतत फिरतो आहे. शब्द बदलतात, खालची सही बदलते, कधी ‘निवृत्त कर्नल’ तर कधी ‘संरक्षणतज्ज्ञ’, पण गाभा तोच राहतो. भारताने अण्वस्त्रांचा प्रथम वापर करणार नाही असं वचन देऊन स्वतःचे हात बांधून घेतलेत. हे नेहरूंच्या काळचं बोटचेपं धोरण आहे. ते फेकून दिलं तर पाकिस्तानची सगळी अण्वस्त्रं एका रात्रीत संपवता येतील, आणि पाकिस्तानच्या अणुकार्यक्रमाशी जोडलेल्या किराणा टेकड्यांवर आपण त्याची झलक दाखवलीच आहे. पाकिस्तानचा बॉम्ब तसाही अमेरिकेच्या ताब्यात आहे. आणि समजा दोन-चार बॉम्ब आपल्यावर पडलेच, तर १४० कोटींचा देश ते सोसेल, पाकिस्तान मात्र नकाशावरून पुसला जाईल. शिवाय धोरण बदललं की चीनही वचकेल.

हा मजकूर पुढे पाठवणारी माणसं वाईट नाहीत. पहलगामला २६ जणांना मारलं, त्यात सहा जण महाराष्ट्रातले होते. डोंबिवली, पनवेल, पुण्याच्या घरांमधली ती माणसं होती. तो राग खरा आहे आणि मला त्या रागाशी भांडायचं नाही. पण त्या रागावर स्वार होऊन कोणी अणुयुद्ध सोपं आहे असं सांगत असेल, तर त्याचा एकेक दावा उचलून तपासायला हवा. मी तो क्रमाने घेतो. काही दावे दोन ओळींत निकालात निघतात, एक मात्र सावकाश उलगडावा लागेल.

दावा: हे नेहरूंचं धोरण आहे

नेहरू मे १९६४ मध्ये गेले. चीनने पहिला बॉम्ब फोडला तो त्यानंतर, १६ ऑक्टोबर १९६४ ला. भारताची पहिली चाचणी १८ मे १९७४ ची, पोखरणची, इंदिरा गांधींच्या काळातली, आणि तिलाही सरकारने ‘शांततामय अणुस्फोट’च म्हटलं होतं. तेव्हा अण्वस्त्र कधी वापरायचं याचं धोरण असण्याचा प्रश्नच नव्हता. प्रथम वापर न करण्याची भूमिका आली ती मे १९९८ च्या चाचण्यांनंतर, आणि ती मांडली अटलबिहारी वाजपेयींच्या सरकारने. १७ ऑगस्ट १९९९ ला आण्विक सिद्धांताचा मसुदा जाहीर झाला. तो तयार करणाऱ्या राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार मंडळाचे निमंत्रक होते के. सुब्रह्मण्यम, आजच्या परराष्ट्रमंत्र्यांचे वडील. भारताने बॉम्ब बनवलाच पाहिजे, असं सर्वांत ठामपणे आणि वर्षानुवर्षं सांगणारा हा माणूस. ४ जानेवारी २००३ ला मंत्रिमंडळाच्या सुरक्षाविषयक समितीने सिद्धांतावर अधिकृत शिक्कामोर्तब केलं, तेव्हाही पंतप्रधान वाजपेयीच होते.

या मजकुरात मनोहर पर्रीकरांचा दाखला हमखास असतो. नोव्हेंबर २०१६ मध्ये संरक्षणमंत्री असताना ते म्हणाले होते की आपण स्वतःला असं बांधून का घ्यावं. हे खरं आहे. त्याच वेळी त्यांनी हा आपला वैयक्तिक विचार असल्याचं सांगितलं आणि संरक्षण मंत्रालयानेही तोच खुलासा केला, एवढं मात्र मजकुरातून गळतं. नरेंद्र मोदी एप्रिल २०१४ मध्ये, पंतप्रधान होण्याआधी, हे धोरण वाजपेयींचा वारसा आहे आणि त्यात तडजोड नाही असं म्हणाले होते. राजनाथ सिंह ऑगस्ट २०१९ मध्ये पोखरणला म्हणाले की आजवर धोरण हेच आहे, पुढे काय होईल ते परिस्थितीवर अवलंबून. थोडक्यात, वेगवेगळे सूर निघाले आहेत, पण २००३ चा कागद कुठल्याही सरकारने बदललेला नाही.

ज्यांनी जगाचा रोष पत्करून बॉम्ब फोडला, त्यांनीच हे वचन का दिलं? कारण अण्वस्त्र आधी वापरण्याची गरज त्याला असते, ज्याचं साधं सैन्य समोरच्यापेक्षा तोकडं पडतं. शीतयुद्धात सोव्हिएत रणगाड्यांच्या लोंढ्याची धास्ती असलेल्या नाटोने प्रथम वापराचा पर्याय हातात ठेवला तो याच कारणाने. पाकिस्तान तो ठेवतो तोही याच कारणाने. आपलं सैन्य, आपली अर्थव्यवस्था, आपला भूगोल, सगळंच पाकिस्तानपेक्षा मोठं आहे. म्हणजे दुबळ्याचं धोरण आपण घ्यावं असा या मजकुराचा आग्रह आहे, आणि तो बलवानाच्या भाषेत मांडलेला आहे.

दावा: या वचनाने आपले हात बांधले गेलेत

कशासाठी बांधले गेलेत? सप्टेंबर २०१६ मध्ये सैन्य नियंत्रणरेषा ओलांडून गेलं. २६ फेब्रुवारी २०१९ ला हवाई दलाने बालाकोटला बॉम्ब टाकले. ७ मे २०२५ ला मुरीदके आणि बहावलपूरपर्यंत मारा झाला, १० मे च्या पहाटे पाकिस्तानचे हवाई तळ लक्ष्य झाले, त्यात रावळपिंडीचा नूर खान तळही होता. या सगळ्या काळात प्रथम वापर न करण्याचं धोरण जसंच्या तसं लागू होतं. त्याने यातली कुठलीही कारवाई अडवली नाही.

उलट मला वाटतं, त्या धोरणामुळेच या कारवाया करता आल्या. भारताची क्षेपणास्त्रं सीमा ओलांडतात तेव्हा त्यांच्या टोकाशी अण्वस्त्र नाही, हे रावळपिंडीतल्या जनरलना बऱ्याच खात्रीने ठाऊक असतं. ती खात्री काढून घेतली, तर आपलं प्रत्येक ब्राह्मोस क्षेपणास्त्र त्यांच्यासाठी एक संभाव्य अणुबॉम्ब होईल, आणि मग साध्या शस्त्रांची आपली मोकळीक वाढणार नाही, आटेल.

आणि २००३ चा सिद्धांत वाचला तर तो मवाळ वाटतच नाही. भारताच्या भूमीवर किंवा जगात कुठेही असलेल्या भारतीय सैन्यावर अणुहल्ला झाला, तर प्रत्युत्तर प्रचंड असेल आणि शत्रूला सोसवणार नाही इतकं नुकसान करणारं असेल, असं तो सांगतो. जैविक किंवा रासायनिक अस्त्रांनी मोठा हल्ला झाला तरी अण्वस्त्राने उत्तर देण्याचा हक्क तो राखून ठेवतो. बटणाचा अधिकार पंतप्रधानांच्या अध्यक्षतेखालच्या राजकीय परिषदेकडे, म्हणजे निवडून आलेल्यांच्या हातात आहे. पाकिस्तानात तो खऱ्या अर्थाने लष्कराच्या हातात आहे.

दावा: एका रात्रीत त्यांची सगळी अण्वस्त्रं संपवता येतील

सगळा मजकूर या एका दाव्यावर उभा आहे. हा खरा असता तर बाकीच्यावर बोलण्यात अर्थ होता. म्हणून इथे थांबू.

स्टॉकहोमच्या सिपरी या संस्थेच्या जानेवारी २०२५ च्या अंदाजानुसार पाकिस्तानकडे सुमारे १७० अण्वस्त्रं आहेत, आपल्याकडे सुमारे १८०. ती वाहून नेणारी साधनं अनेक आहेत. शाहीन आणि घौरी मालिकेतली क्षेपणास्त्रं, बाबर क्रूझ क्षेपणास्त्र, आखूड पल्ल्याचं नस्र, शिवाय विमानं. यातली क्षेपणास्त्रं बहुतेक ट्रकसारख्या फिरत्या वाहनांवरून सोडली जातात. पाकिस्तानचं क्षेत्रफळ जवळजवळ आठ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या अडीचपट. बलुचिस्तानचे उजाड डोंगर, उत्तरेतल्या दऱ्या, पंजाबातली दाट वस्ती, बोगदे, छावण्या, फ्लायओव्हर. संकटाच्या काळात ही वाहनं आणि बॉम्ब जागा बदलणार, खोटी लक्ष्यं मांडली जाणार. आपल्याला हे सगळं एकाच तासात, एकाच वेळी सापडायला हवं.

असं कोणाला जमलंय का? १९९१ च्या आखाती युद्धात अमेरिका आणि मित्रदेशांनी इराकच्या स्कड क्षेपणास्त्रांचे फिरते लाँचर शोधायला हजारो उड्डाणं केली. आकाश पूर्णपणे त्यांच्या ताब्यात होतं, प्रदेश उघड्या वाळवंटाचा होता, विशेष दलाचे सैनिक जमिनीवर होते. तरीही इराकने ऐंशीहून अधिक स्कड डागली. युद्धानंतर अमेरिकी हवाई दलाने स्वतः करवून घेतलेल्या पाहणीत एकही फिरता लाँचर नक्की नष्ट झाल्याचा पुरावा सापडला नाही. तंत्रज्ञान तेव्हापासून खूप पुढे गेलंय, हे मान्य. पण जून २०२५ मध्ये जगातली सर्वांत जड बंकरभेदी अस्त्रं इराणच्या फोर्दो या भूमिगत अणुकेंद्रावर पडली, आणि त्यानंतरही इराणचं चारशे किलोंहून अधिक उच्च समृद्ध युरेनियम नेमकं कुठे आहे हे आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेला खात्रीने सांगता येत नव्हतं.

इस्रायलचं उदाहरणही इथे लोक देतात. ७ जून १९८१ ला इस्रायलने इराकची ओसिराक अणुभट्टी उडवली, मग आपण का नाही? कारण ओसिराक ही एक अणुभट्टी होती. तिचं ठिकाण सगळ्यांना माहीत होतं, ती जागची हलू शकत नव्हती, आणि इराककडे एकही बॉम्ब नव्हता. पाकिस्तानकडे निदान १९९८ पासून सिद्ध झालेला बॉम्ब आहे. अण्वस्त्र नसलेल्या देशाचा कारखाना पाडणं आणि अण्वस्त्रधारी देशाला निःशस्त्र करणं या दोन कामांमध्ये काहीही साम्य नाही. दुसरं काम आजवर कुठल्याही देशाने केलेलं नाही, करायचा प्रयत्नही केलेला नाही. सोव्हिएत संघाकडे अण्वस्त्रं मोजकी होती तेव्हा अमेरिकेने केलं नाही, आणि १९६४ नंतर चीनच्या बाबतीत सोव्हिएत संघानेही केलं नाही.

आता आकडे मांडून बघू. समजा आपला हल्ला इतका अचूक झाला की १७० पैकी नव्वद टक्के अण्वस्त्रं संपली. लष्करी इतिहासात असं यश कोणाला मिळालेलं नाही, तरी धरून चालू. उरली सतरा. त्यातली निम्मी वाटेत अडवली किंवा बिघडली म्हणू. आठ उरली. मुंबई, दिल्ली, पुणे, अहमदाबाद, जयपूर, लुधियाना, सुरत, जामनगर. हे मी घाबरवायला म्हणून लिहीत नाही. ज्या योजनेचं सर्वोत्तम फळ हे आहे, ती योजना म्हणजे काय हे वाचणाऱ्याला दिसावं म्हणून लिहितो आहे.

आणि एक हिशेब या मजकुरात कधीच नसतो. मजबूत बंकर किंवा बोगदा खात्रीने उडवायचा तर एका लक्ष्यावर एकापेक्षा जास्त अस्त्रं टाकावी लागतात. म्हणजे पाकिस्तानला निःशस्त्र करायच्या प्रयत्नात आपली १८० पैकी बहुतेक अस्त्रं एका सकाळी संपतील. मग चीनसमोर आपण काय घेऊन उभे राहणार?

किराणा टेकड्यांचं म्हणाल, तर सरगोध्याजवळच्या या टेकड्यांचा पाकिस्तानच्या अणुकार्यक्रमाशी संबंध जुना आहे, १९८३ मध्ये तिथे बॉम्बच्या रचनेच्या ‘थंड’, म्हणजे प्रत्यक्ष अणुस्फोट न करता घेतलेल्या चाचण्या झाल्या होत्या. पण १२ मे २०२५ च्या पत्रकार परिषदेत एअर मार्शल ए. के. भारती यांनी स्पष्ट सांगितलं की आम्ही किराणा टेकड्यांवर मारा केलेला नाही. पाकिस्तानातल्या कुठल्याही अणुकेंद्रातून किरणोत्सार बाहेर पडलेला नाही, असं आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेनेही जाहीर केलं. आपल्याच हवाई दलाने नाकारलेला पराक्रम आपण त्याच्या नावावर का चढवतो? हवाई दलाने त्या चार दिवसांत जे केलं ते पुरेसं मोठं आहे. आणि दोन्ही देशांनी एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला करायचा नाही, असा करार ३१ डिसेंबर १९८८ ला राजीव गांधी आणि बेनझीर भुट्टो यांच्या उपस्थितीत झालेला आहे. १९९२ पासून दर १ जानेवारीला केंद्रांच्या याद्यांची देवाणघेवाण होते. कारगिलच्या वेळी, संसदेवरच्या हल्ल्यानंतर, २६/११ नंतर, कधीही ती थांबली नाही. त्या यादीचा पहिला फायदा कोणाला? ट्रॉम्बे मुंबईत आहे आणि तारापूर पालघरमध्ये.

याहून गंभीर गोष्ट पुढची आहे. आपण पहिला वार करणार असं जाहीर केलं की समोरच्याला एकच भीती उरते, आपली अस्त्रं वापरण्याआधीच नष्ट होतील ही. मग तो ती कोठारातून काढून मैदानात आणतो. बॉम्ब आणि क्षेपणास्त्र वेगळं ठेवायचं सोडून जोडून ठेवतो. डागण्याचा अधिकार खालच्या अधिकाऱ्याकडे देतो. संशय आला की वाट बघत नाही.

९ मार्च २०२२ आठवा. देखभालीच्या कामात आपलं एक ब्राह्मोस क्षेपणास्त्र चुकून सुटलं आणि शंभराहून अधिक किलोमीटर आत जाऊन पाकिस्तानातल्या मियाँ चन्नूजवळ पडलं. त्यावर स्फोटक नव्हतं, कोणी मेलं नाही. दोन दिवसांनी भारताने चूक मान्य करून खेद व्यक्त केला. पुढे चौकशी होऊन ऑगस्टमध्ये हवाई दलाच्या तीन अधिकाऱ्यांना बडतर्फ केलं. ब्राह्मोस आवाजाच्या जवळपास तिप्पट वेगाने जातं, म्हणजे पलीकडे रडारपुढे बसलेल्या माणसाला विचार करायला मोजकी मिनिटं होती. तो थांबला. भारत आधी अण्वस्त्र टाकत नाही, हे त्या थांबण्यामागचं एकमेव कारण नसेल. पण ‘भारताचं धोरण आता पहिला वार करण्याचं आहे’ हे त्याच्या भिंतीवर लिहिलेलं असतं, तर तो थांबला असता यावर मी माझ्या मुलाबाळांचा जीव लावणार नाही. तुम्ही लावाल का?

दावा: त्यांचा बॉम्ब अमेरिकेच्या ताब्यात आहे, ते वापरूच शकत नाहीत

हा दावा आणि वरचा दावा एकाच मजकुरात असतात, हे विशेष. बॉम्ब अमेरिकेच्या ताब्यात असतील तर ते नष्ट कशाला करायचे? पाकिस्तानने जानेवारी १९७२ मध्ये मुलतानच्या बैठकीत बॉम्बचा निर्णय घेतला, कहूट्याचा युरेनियम कारखाना ए. क्यू. खान यांनी युरोपातून चोरून आणलेल्या ज्ञानावर उभा केला, चीनने मदत केली. अमेरिकेने पाकिस्तानवर याच कारणासाठी निर्बंधही लावले होते. २००१ नंतर अस्त्रांच्या सुरक्षेसाठी अमेरिकेने काही मदत केली, एवढं खरं आहे. त्यावरून चाव्या त्यांच्या हातात आहेत असा निष्कर्ष निघत नाही, आणि असा कुठलाही पुरावा समोर आलेला नाही. खुशाबला प्लुटोनियमसाठी चार अणुभट्ट्या पाकिस्तानने कोणाची परवानगी घेऊन बांधलेल्या नाहीत.

दावा: १४० कोटींचा देश सोसेल

हे वाक्य वाचून मला राग येतो, आणि तो लपवायचं कारण दिसत नाही. कोणी सोसायचं हे वाक्य लिहिणाऱ्याने ठरवून टाकलेलं असतं. त्यात तो स्वतः कधीच नसतो.

हिरोशिमावरचा बॉम्ब १५ किलोटनांचा होता. १९४५ च्या अखेरपर्यंत तिथे सुमारे १ लाख ४० हजार माणसं मेली. शहरातले नव्वद टक्क्यांच्या आसपास डॉक्टर आणि परिचारिका मेल्या किंवा जखमी झाल्या, त्यामुळे वाचलेल्यांना बघायला कोणी राहिलं नाही. त्या वेळच्या हिरोशिमाची वस्ती साडेतीन लाखांच्या आसपास होती. मुंबईची २०११ च्या जनगणनेत सव्वा कोटी होती, आणि केईएम, जेजे, सायन ही तिची तीन मोठी सार्वजनिक रुग्णालयं दहा किलोमीटरच्या पट्ट्यात येतात. ट्रॉम्ब्याला ध्रुव अणुभट्टी आणि भाभा केंद्र आहे, त्याला खेटून माहूलचे तेलशुद्धीकरण कारखाने आहेत. रेल्वे, बंदर, बँका, शेअर बाजार हे सगळं त्याच चिंचोळ्या भूमीवर आहे. सिंधच्या किनाऱ्यावरून निघालेलं क्षेपणास्त्र दहा मिनिटांच्या आत-बाहेर इथे पोचतं. एवढ्या वेळात चर्चगेटहून दादरला लोकलही जात नाही.

२०१९ मध्ये हवामानशास्त्रज्ञ ब्रायन टून, अ‍ॅलन रोबॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारत-पाकिस्तान अणुयुद्धाचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांच्या गणितात, अस्त्रांच्या ताकदीप्रमाणे, थेट हल्ल्यांतच ५ ते साडेबारा कोटी माणसं मरतात. जळत्या शहरांची काजळी वातावरणाच्या वरच्या थरात जाते, सूर्यप्रकाश अडवते, आणि जगभरातला पाऊस १५ ते ३० टक्क्यांनी घटतो. अशा प्रारूपांवर वाद आहेत. काजळी किती निर्माण होईल, किती वर चढेल यावर शास्त्रज्ञांचं एकमत नाही. पण अंदाज निम्म्याने खाली आणा, तरी काय उरतं ते बघा. मराठवाड्यात पावसाने एक महिना दडी मारली तर काय होतं हे मराठी माणसाला शिकवावं लागत नाही. इथे सलग काही वर्षांचा प्रश्न आहे, आणि त्या वर्षांत धान्य विकत द्यायला जगात कोणाकडे शिल्लक नसेल.

भूगोलही आपल्या बाजूने नाही. लाहोर सीमेपासून पंचवीस किलोमीटरच्या आसपास आहे आणि अमृतसर लाहोरपासून पन्नास. लाहोरवर टाकलेल्या बॉम्बची राख वाघा सीमेवर पासपोर्ट दाखवायला थांबणार नाही. पंजाबचा गहू देशाच्या रेशनदुकानात येतो, कोल्हापुरातही आणि नांदेडमध्येही.

‘नकाशावरून पुसून टाकू’ म्हणताना पलीकडचे २४ कोटी लोकही मोजावेत, असं मला वाटतं. त्यांच्यातल्या बहुतेकांनी आपलं काहीही वाईट केलेलं नाही. हा मुद्दा पटत नसेल तर सोडून द्या, वरचे सगळे मुद्दे त्याच्याशिवायही उभे राहतात.

दावा: धोरण बदललं की चीनही वचकेल

चीनकडे सिपरीच्या त्याच अंदाजानुसार सुमारे ६०० अण्वस्त्रं आहेत, आणि अमेरिकी संरक्षण खात्याचा अंदाज २०३० पर्यंत हजाराच्या वर जाईल असा आहे. २०२१ मध्ये उपग्रहचित्रांत गान्सूमधल्या युमेनजवळ आणि शिनच्यांगमधल्या हामीजवळ क्षेपणास्त्रांसाठी खोदलेल्या शेकडो भूमिगत कोठ्या दिसल्या. त्यांचं मुख्य लक्ष्य अमेरिका आहे, पण अस्त्रं ही अस्त्रंच असतात. चीनने मात्र १९६४ पासून प्रथम वापर न करण्याचं वचन दिलेलं आहे. त्यावर किती विश्वास ठेवायचा हा वेगळा प्रश्न. आपण आपलं वचन मोडून त्यांना त्यांचं मोडायची सबब का द्यायची? तिप्पट साठा असलेल्या देशाला पहिल्या वाराची धमकी देणं म्हणजे त्याच्या पहिल्या वाराला आमंत्रण.

चीनला वचक बसतो तो वेगळ्या गोष्टीने. त्याने काहीही केलं तरी आपल्याकडे उलट मारायला काहीतरी नक्की उरेल, या खात्रीने. ती खात्री समुद्राखाली असते. अण्वस्त्रवाहू पाणबुडी आयएनएस अरिहंत २०१६ मध्ये नौदलात आली, तिची पहिली प्रतिवारक, म्हणजे शत्रूला धाक बसवणारी गस्त पूर्ण झाल्याचं नोव्हेंबर २०१८ मध्ये जाहीर झालं. आयएनएस अरिघात २९ ऑगस्ट २०२४ ला विशाखापट्टणमला दाखल झाली. या पाणबुड्यांवरच्या के-१५ क्षेपणास्त्राचा पल्ला जेमतेम ७५० किलोमीटर आहे, त्यामुळे चीनच्या मोठ्या शहरांसाठी ते निरुपयोगी. म्हणून ३५०० किलोमीटरच्या के-४ ला इतकं महत्त्व आहे. जमिनीवर ५००० किलोमीटरहून अधिक पल्ल्याचं अग्नी-५ आहे, आणि ११ मार्च २०२४ च्या चाचणीत ते एकापेक्षा जास्त अस्त्रं वेगवेगळ्या लक्ष्यांकडे नेऊ शकतं हे दिसलं. पैसा, बुद्धी आणि वर्षं या कामावर खर्च व्हायला हवीत. पहिल्या वाराची घोषणा फुकट होते, म्हणूनच ती लोकप्रिय आहे.

या वचनाचा एक रोखीचा फायदाही झालेला आहे, जो कुणी सांगत नाही. सप्टेंबर २००८ मध्ये अणुपुरवठादार देशांच्या गटाने भारताला खास सवलत दिली. तिच्या आदल्याच दिवशी परराष्ट्रमंत्री प्रणब मुखर्जींनी निवेदन करून प्रथम वापर न करण्याच्या धोरणाचा पुनरुच्चार केला होता. आपल्या अणुवीज केंद्रांना बाहेरून युरेनियम मिळतं ते त्या सवलतीमुळे.

एक आक्षेप, जो खरोखर विचार करायला लावतो

तो या मजकुरात नाही, पण लष्करी अभ्यासकांच्या चर्चेत आहे, म्हणून त्याला उत्तर द्यायला हवं. पाकिस्तानने एप्रिल २०११ मध्ये नस्रची चाचणी घेतली, पल्ला साठ किलोमीटर. हेतू असा की भारतीय रणगाडे आत घुसले तर पाकिस्तानच्याच भूमीवर, भारतीय सैन्यावर एक लहान अण्वस्त्र टाकायचं. एका तुकडीवर असा बॉम्ब पडला तर भारत खरंच लाहोर आणि कराची भस्म करेल का? आणि बदल्यात मुंबई आणि दिल्ली गमावेल का? करणार नाही असं पाकिस्तानला वाटलं, तर ‘प्रचंड प्रत्युत्तरा’चा धाक पोकळ ठरतो. माजी परराष्ट्र सचिव श्याम सरन यांनी २०१३ मध्ये ठामपणे सांगितलं होतं की अस्त्र लहान की मोठं याने आम्हाला फरक पडत नाही, प्रत्युत्तर तेच असेल. अनेकांना ते पटलं नाही, आणि त्यांच्या शंकेत मला तथ्य दिसतं.

पण हा वाद प्रत्युत्तर किती मोठं असावं याचा आहे. आधी कोणी टाकायचं याचा नाही. प्रत्युत्तर प्रमाणशीर असावं का, ‘प्रचंड’ हा एकच पर्याय ठेवणं शहाणपणाचं आहे का, यावर जरूर बोलू. पहिल्या वाराचं धोरण घेतल्याने नस्रचा प्रश्न सुटत नाही, उलट ते लाँचर आणखी लवकर सीमेवर येतील आणि त्यांच्याजवळचा मेजर किंवा कर्नल आणखी कमी वेळात निर्णय घेईल.

२००३ च्या सिद्धांताला दोन दशकं उलटून गेली. त्याचा जाहीर आढावा झालेला नाही. त्या वेळी अरिहंत नव्हती, नस्र नव्हतं, युमेनच्या कोठ्या नव्हत्या, आणि आपली क्षेपणास्त्रं नळकांड्यात बंद करून डागायला तयार ठेवायची सोय नव्हती. ही सोय आता अग्नी-५ मध्ये आहे, अग्नी-प्राइममध्ये आहे, आणि शांततेच्या काळात अस्त्र क्षेपणास्त्रापासून वेगळं ठेवायच्या जुन्या पद्धतीचं तिच्यामुळे काय होणार हे जनतेला कोणी सांगितलेलं नाही. ब्राह्मोससारखी चूक अण्वस्त्रवाहू क्षेपणास्त्राच्या बाबतीत होऊ नये म्हणून काय बदललं, हेही नाही. गुप्त ठेवायच्या गोष्टी गुप्त ठेवून हे प्रश्न संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीत विचारता येतात. आपल्या खासदाराला पत्र लिहून ते विचारायला सांगताही येतं.